'भागी' नावाचा गट

बोईसरच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर कुठल्या कामाला किती मेमरी मिळावी, हे ठरवणं हेमांगीकडे होतं. त्यासाठी कामांचे गट पाडायचे, गटात पोटगट, आणि प्रत्येकाला नाव. तिचे वरिष्ठ धर्मेशसर म्हणायचे, नाव कामावरून द्यावं. तिला ते रुक्ष वाटलं. तिने आपल्या दांडी गावच्या बोटींची नावं दिली. कोळ्याची पोर, तिला दुसरं काय सुचणार!

'भागी' ही तिच्या भावाची, धीरजची बोट. त्या नावाचा गट तिने हौसेने करून ठेवला होता, रिकामाच. बोट परवा समुद्रात गेली आणि कालपासून वायरलेसला उत्तर नव्हतं. घरी बसवेना म्हणून हेमांगी कामावर आली, पण इथेही जीव थाऱ्यावर नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत तिने पडद्याकडे पाहिलं. 'भागी'ची मेमरी भरत चालली होती. आत एकही काम चालू नव्हतं. तीन पोटगट मात्र आले होते: धीरज, सुका, देवू.

बोटीवर तिघंच होते.

"हे कोणी केले?" धर्मेशसर मागून म्हणाले. "पुसून टाक."

तिने पुसायला घेतले, तर यंत्राने नकार दिला. आत काही चालू असेल तोवर गट पुसला जात नाही, तो नियमच होता. दुसराही नियम तिला पाठ होता. गटाच्या मेमरीची मर्यादा भरली की यंत्र आतल्या एका कामाला मारून टाकतं.

आकडा मर्यादेजवळ आला. तिने मर्यादा वाढवली. पुन्हा वाढवली. इतर गटांची मेमरी काढून 'भागी'ला दिली. खाली पॅकिंगचा पट्टा थांबला, फोन खणखणू लागले.

"वेड लागलंय का? सगळा प्लँट बंद पडेल!"

"पडू दे, सर."

आकडा थांबला.

तासाभराने आईचा फोन आला. ती रडतही होती, हसतही होती. "पोरं आली गो! तिघंपण धड हायत. बंदरावरनं आमी घरी पोचलो."

हेमांगीने डोळे पुसले. हलक्या मनाने सुका पुसला. देवू पुसला.

धीरज पुसला जाईना.

"आई, दादा कुठे हाय?"

"हा काय, माझ्यासमोर जेवतोय."

पलीकडून धीरजचं हसू ऐकू आलं, नेहमीचंच.

तिने पुन्हा कळ दाबली. यंत्राने नकार दिला: आत काही चालू आहे.

धीरजपुढचा आकडा हळूहळू चढू लागला.