नवमीनंतर मुका झालेला कॉम्प्युटर

"सगळा कारखाना गोळा करून मला चोर म्हणाले, ताई! आता सुप्यात मला कोण दारात उभं करणार?"

सावेडीत स्नेहलच्या दारात उभा असलेला पंकज संतापाने बोलत होता. स्नेहल खासगी तपास करायची. तिचा नवरा गोरक्ष स्कूटर चालवायचा आणि प्रश्न विचारायचा, बहुधा उशिरा.

सुप्याच्या एका कारखान्याचं ऑफिस आणि रस्त्यापलीकडचं गोदाम पंकजने बिनतारी जोडलं होतं. दोन्ही छतांवर अँटेना, खाली कॉम्प्युटर, त्यांत फुकट मिळणारं लिनक्स. १९९९ साली आसपास कुणी असलं काही पाहिलंही नव्हतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळं चालू ठेवून तो दीक्षाभूमीला, नागपूरला गेला. परतला तर जोडणी बंद. मालक सूर्यभानशेठ म्हणाले, यानेच बिघडवलं आणि पैसे घेऊन पळाला. उद्या पोलिसांत तक्रार.

"तू बघितलंस का काय झालंय ते?"

"कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकू देतील तर ना!"

स्नेहलचं डोकं फिरलं. "अहो, स्कूटर काढा."

कारखान्यात शेठनी त्या दोघांना खोलीत घेतलं, पंकजला मात्र उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "ह्यांचं हे असंच. आमच्या सणाला बरोब्बर गायब."

"त्याचाही सणच होता," स्नेहल तडकली. "या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडंच. नवमीला कॉम्प्युटरची पूजा मीच केली. टेबलावर न्हाई, खाली पाटावर मांडून. हळदकुंकू, झेंडूची माळ. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई."

झाडलोट करणारी लंकाबाई दारात उभी होती. "म्या तर हितूनच बघितलं. आत झाडू बी मारू देत न्हाईत."

स्नेहलने गोदामात फोन लावला. तिथला पार्थ वैतागला होता. "आमची हाक तिकडं पडद्यावर दिसतीय ना? मग उत्तर का देत न्हाई तुमी?"

हाक पडद्यावर दिसत होती. गोरक्षने शेजारचं सेटिंग वाचलं, "पाठवायला अँटेना नंबर एक. घ्यायला नंबर एक किंवा दोन."

"मीच ठेवलंय तसं," पंकज बाहेरून म्हणाला. "मशीनच्या पाठीवरच्या कार्डाला अँटेनाची दोन तोंडं आहेत, केबल एकच."

स्नेहल टेबलामागे वाकली. छतावरून आलेली केबल मशीनच्या पाठीपर्यंत जेमतेम पोचत होती. कार्डाच्या मोकळ्या तोंडाभोवती धूळ होती, पण ते तोंड लख्ख होतं. केबलच्या पितळी नटावर लाल बोट उमटलं होतं.

"म्हणजे बिघडवलं कुणी?" गोरक्षने विचारलं.

"पूजा करणाऱ्याने."

"तोंड सांभाळा, बाई!" शेठ ओरडले.

"तुम्ही आधी कान सांभाळा! ही केबल टेबलाखाली उतरतच नाही. मग मशीन पाटावर गेलं कसं? तुम्ही केबल सोडवलीत. ती होती एक नंबरला, म्हणूनच त्या तोंडावर धूळ नाही. पूजेनंतर कुंकवाच्या बोटांनी बसवलीत दोन नंबरला. घ्यायला दोन्ही तोंडं चालतात, म्हणून गोदामाची हाक येते. पाठवायला फक्त एक नंबर, आणि तिथे आता केबलच नाही. पंकज तेव्हा नागपुरात होता. किल्ली तुमच्या खिशात होती!"

शेठ काहीतरी पुटपुटले. "चुकून झालं असंल."

"चूक तुमची, आणि चोर तो? एकदा वाकून बघायचं होतंत! पण नागपूर म्हटल्यावर तुम्हाला बघायची गरजच वाटली नाही."

शेठनी दाराकडे पाहिलं. "ये रे आत. लाव ती जागेवर."

पंकज हलला नाही. "तुम्ही काढली, तुम्हीच लावा."

शेठ गुडघ्यांवर बसले, टेबलामागे शिरले आणि बराच वेळ नटाशी झटले. फोन खणखणला. "आलं उत्तर!" पार्थ ओरडला.

"झालं गेलं सोड," शेठ धूळ झटकत म्हणाले. "तक्रार देत न्हाई. उद्यापासून ये कामावर."

"चोर म्हणायला सगळ्यांना गोळा केलं होतं," पंकज म्हणाला. "माफी मागायलाही करा. मग कामाचं बघू."

शेठ काही बोलायच्या आत लंकाबाई भोंग्याच्या बटणाकडे निघाली होती.