नम्रताचं पाठ केलेलं उत्तर

डोळखांबच्या अलीकडे एस्टी पंक्चर झाली, आणि उतरता उतरता कुणीतरी नम्रताच्या हातात लसीची पेटी दिली.

"धरा वो जरा. उन्हात ठेवली तर बर्फ वितळल."

"मी डॉक्टर आहे," नम्रता जरा ताठ्यातच म्हणाली.

"मग दोनी हातांनी धरा!"

ही मीना, आरोग्यकेंद्रातली नर्स. नम्रता वाशिंदची, इंटर्नशिपसाठी त्याच केंद्रावर निघालेली. २००३ साल होतं. दोन महिन्यांत दोघी एकाच डब्यातली नाचणीची भाकरी खाऊ लागल्या. मीना तुकडा पुढे करी, नम्रताची बोटं जरा उशिराच मागे येत.

एकदा मीनानं नम्रताचं डॉक्टरकीचं जाडजूड पुस्तक उचललं. "यात दोन बायकांच्या प्रेमाचं काय लिवलंय?"

"विकृती," नम्रता खाली बघत म्हणाली. कॉलेजात सरांनी हे शिकवलं तेव्हा वर्ग हसला होता. घाबरून तीही हसली होती. परीक्षेत त्याच उत्तराला पैकीच्या पैकी मार्क.

"आमच्या पाड्यावर सावळी नि जना एका चुलीवर म्हाताऱ्या झाल्या. त्यांना कंचं औषध देऊ, डॉक्टर?"

नम्रतानं पुस्तक तिच्या हातातून घेऊन मिटून ठेवलं. मीना चार दिवस डबा घेऊन आली नाही.

पाचव्या दिवशी तेच सर नव्या मुलांना केंद्र दाखवायला आले. "ही आमची हुशार विद्यार्थिनी. नम्रता, विकृतींवरचं तुझं उत्तर म्हणून दाखव यांना."

दारात मीना सिरिंजा मोजत होती. तिचे हात थांबले.

"दोन स्त्रियांचं प्रेम ही—" नम्रतानं दाराकडे पाहिलं. "हा आजार नाही, सर. मी चुकीचं पाठ केलं होतं."

कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा लाल झाला. "मग राहा इथंच! पोस्टिंग महिनाभर वाढवायला सांगतो."

गाडी धूळ उडवत गेली.

"महिनाभर... शिक्षा झाली म्हणायची," मीना म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात हसू काही मावेना.

"आता तरी नम्रता म्हण की! सारखं काय डॉक्टर, डॉक्टर?"

मीनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नाय. आमच्यात ज्याच्यासंगं घर करायचं... त्याचं नाव घेत नाय."