अकरानंतरच्या ओळी

पटत नसेल तर इथूनच परत फिरा. खोटं सांगून मला काय मिळणार आहे?

माझी मैत्रीण नगमा, तिच्यासोबत हे घडलं. अकोल्यात, मे २०१६ मध्ये. तेही भरदिवसा.

दुष्काळाचं साल होतं. नगमाच्या ऑफिसात चाळीस गावांच्या विहिरींची मापं मोबाइलवर यायची. काठावरून पाण्यापर्यंत टेप सोडायचा, तासातासाला मीटरमध्ये आकडा पाठवायचा. माणूस म्हटलं की तास चुकणारच. म्हणून नगमा डेटाबेसमध्ये आधी नुसत्या वेळांची यादी करायची. पहिली वेळ, शेवटची वेळ, मध्ये एक तासाचं अंतर. त्यापुढं आलेली मापं जोडली, की चुकलेले तास रिकामे दिसायचे.

त्या दिवशी तिनं सकाळी सहा ते अकराची यादी काढली. अकराला टँकर येणार होता, ओतलेलं पाणी मापात धरायचं नसतं, म्हणून तिथवरच.

दर्यापूरकडच्या एका गावात बेबीताई मापं घ्यायची. त्या गावाला सहा, सात, आठ, नऊ... एकही तास रिकामा नव्हता.

१.५०. १.२०. ०.९०. ०.६०.

बरोब्बर तासाच्या ठोक्याला. सेकंदाचाही फरक नाही.

कोरड्या विहिरीत पाणी वर चढत होतं?

"घरी बसून आकडे ठोकते ही बेबीताई!" नगमा भडकली. असली मापं वरच्या ऑफिसात गेली असती, तर गावाचा टँकरच बंद झाला असता. तिनं लगेच फोन लावला.

"ताई, खरं सांगा. विहिरीवर जाता की नाही?"

बेबीताई रडकुंडीला आली.

"रागावू नका बाई. टेप मंगळवारीच विहिरीत पडला. भेवानं सांगतलं नाई. तीन दिवसांपासून म्या कायीच पाठवलं नाई."

मग हे आकडे कोण पाठवत होतं?

आता नगमाला स्वतःचाच संशय आला. तिनं मापं बाजूला काढली. नुसत्या वेळांची यादी पुन्हा चालवली.

वेळांसोबत आकडे आलेच.

दहाला ०.३०. अकराला ०.००.

घड्याळात साडेनऊच वाजले होते...

जे काही वर चढत होतं, ते अकराला थेट काठाशी पोचणार होतं. तिथं टँकर विहिरीतच रिकामा करतात. मग अख्खं गाव बादल्या घेऊन काठावर वाकतं. बेबीताईची सून जमुना सगळ्यांच्या पुढं असते. नगमानं पुन्हा बेबीताईला फोन लावला.

"ताई, अकराला कोणालाच काठावर जाऊ देऊ नका!"

"कावून?"

"काहीच विचारू नका. माझी शपथ आहे तुम्हाला!"

बेबीताई काठी घेऊन आडवी उभी राहिली. पाच दिवसांनी पाणी आलेलं. बायांनी तिला नाही नाही ते ऐकवलं.

सव्वाअकराला तिचा फोन आला.

"बाई... पुरा टँकर ओतला. पन आवाजच नाई आला. वाकून पाह्यलं, त बूड कोरडं ठाक."

"कोण वाकलं?"

"मीच. बाकी कोनालेच नाई जाऊ देलं."

नगमानं स्क्रीनकडं पाहिलं. यादी अकराला संपली होती.

बारा वाजता खाली एक ओळ वाढली. उणे ०.३०.

उणे... म्हणजे काठाच्या वर.

एकला उणे ०.६०. मग उणे ०.९०. मग उणे १.२०.

चारला उणे १.५०. बाईमाणसाच्या उंचीएवढं.

नगमानं बेबीताईला फोन लावला. जमुनानं उचलला.

"सासूबाई कुठं आहेत?"

"ह्या काय, आताच आल्या. दारातच उभ्या हायत. आत बलावलं, त येतच नाईत."

जमुनानं दाराबाहेर रस्त्याकडं पाहिलं.

"बाई... रस्त्यानं अजून एक सासूबाई येऊन राहिल्या. काठी घेऊन."

फोन कट झाला.

त्या घरात बेबीताई आजही आहे. एकच आहे. सुखरूप आहे, म्हणतात.

कोणती, हे विचारायची हिंमत नगमाला अजून झालेली नाही. आणि मला तर नाहीच.