बोरदरीचं गवत

बोरदरीचं गवत गाठायचं, एवढ्यासाठीच मल्हारी आपली मेंढरं हाकत पेडगावाहून जिंतूरच्या डोंगराकडे निघाला. रझाकारांच्या धामधुमीपासून त्या दरीत कळप फिरकला नव्हता. खाली माळ करपलेला, तिथं मात्र म्हणे कमरेइतका चारा! संगं म्हातारी माय कासाबाई आणि बायको केवळाबाई. निघताना केवळाबाईनं खंडोबाला बोलून ठेवलं होतं, मेंढरांची पोटं भरल्याबिगर केसांचा बुचडा सोडणार नाही.

चार-पाच मुक्काम झाले. शेवटच्या चढावर तिचे पाय लटपटले.

"बाईसाहेबाला पालखी लागायलीय का?" मल्हारीनं टोमणा मारला. ती हसली आणि मटकन खाली बसली. उठताच येईना!

त्यानं तिला पाठीवर घेतलं. एका अंगाला कडा. खडा सुटला, मल्हारी घसरला! बोरीचं खोड हाती लागलं म्हणून दोघं वाचली. केवळाबाईला त्याचा गळासुद्धा धरवत नव्हता. हातही गेले होते. अंधार पडला तसा चढावरच मुक्काम टाकून चूल पेटवली, तोवर जीभ जड झाली. ताप नाही, दुखणं नाही. सारं दिसत होतं, कळत होतं, अंग तेवढं दुसऱ्याचं झालं होतं. श्वास पुरेना. मनातल्या मनात ती देवाचं नाव घेत राहिली.

कासाबाईला मागल्या सालचं कोकरू आठवलं. तेही असंच मागल्या पायांपासून लुळं पडलेलं, आणि कानामागं गोचीड निघालेली. तिनं सुनेच्या बगला, कंबर, कान चाचपले. काही नाही. राहिला बुचडा.

नका, मेंढरं मरतील, असं केवळाबाईला ओरडायचं होतं. ओठ हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं.

"रडू नगंस, बाय. नवस मी मोडायलेय, तू न्हाई. देवा, रागवायचं तर माझ्यावर रागव," म्हणत म्हातारीनं गाठ सोडली.

केसांच्या मुळाशी एरंडाच्या बीएवढी फुगलेली मादी तोंड रुतवून बसली होती. न दुखवता डसते, रक्त पिता पिता लाळेतून विष सोडते. कासाबाईनं तिला कातड्यालगत धरून सरळ ओढलं आणि चुलीच्या निखाऱ्यात टाकलं.

उजाडता उजाडता केवळाबाईची बोटं हलली!

मल्हारी दरी बघून आला, तो तोंड पाडूनच. गवत होतं, हिरवंगार. पण पात्यापात्याच्या टोकाला गोचिडी पुढचे पाय पसरून उबदार अंगाची वाट बघत बसल्या होत्या. एकेक मादी हजारांनी अंडी घालून मरते. रानडुकरांच्या रक्तावर तिथं किती पिढ्या पोसल्या होत्या, कुणास ठाऊक. मेंढरं वासानं ओढ घेत होती. त्यानं काठी आडवी धरली आणि कळप माघारी वळवला.

उन्हं वर आल्यावर केवळाबाई सासूच्या खांद्याचा आधार घेऊन चालू लागली. पुढं खपाटीला गेलेल्या पोटांची मेंढरं, तिच्या पाठीवर मोकळे केस. नवस मोडल्याच्या शरमेनं तिची मान वर होईना.

कासाबाईनं कनवटीची फणी काढून तिच्या हातात दिली.

"तू विंचर. त्यांची पोटं भरेस्तोवर आता माझा बुचडा सुटायचा न्हाई."