भीमाचं पान

बसा निवांत. माझ्या थापा तुम्ही पुष्कळ ऐकल्यात, पण ही थाप नव्हे. थाप असती तर मी ती जास्त चांगली मारली असती.

शहाण्णव साल. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर खोलीचा शिपाई होतो. शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी कंटाळून पास केलेलं. तिथंच माझी पुतणी प्रियदर्शनी हंगामी ऑपरेटर. आमच्या आळीतली पहिली कॉम्प्युटरवाली!

वजनकाट्याचं सगळं काम त्या मशीनवर, आणि मशीन अडलं तर बघायला इंग्रजीतली सात जाडजूड पुस्तकं. ती एकट्या रविंद्रला कळायची. इंदापूरचा रविंद्र, आधीचा ऑपरेटर. दाढदुखीमुळं तोंडात सदा लवंग. चैत्रात तापानं गेला बिचारा. मागं राहिल्या त्या पुस्तकांच्या कडेला पेन्सिलीनं खरडलेल्या त्याच्या टिपा, आपल्या बोलीतल्या.

आमचे मॅनेजर आप्पासाहेब म्हणाले, "गाळपाच्या पहिल्या दिवशी काटा अडला तर मशीन बंद, आन् पोरगी घरी."

पोरीनं चार महिने खपून त्या टिपा मशीनमध्ये उतरवल्या. 'सांग' असं टाइप करायचं, पुढं अडलेल्या कामाचं नाव. की पान समोर! अक्षरं इंग्रजी, बोलणं मराठी. खाली लिहिणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख. नसलेलं काही विचारलं तर उत्तर यायचं, 'पान न्हाय.' मी रोज एका बोटानं माझंच नाव टाकून 'सांग भीमा' विचारायचो. 'पान न्हाय.'

"आबा, तुमचं पान लिहायला सात पुस्तकं कमी पडतील," ती हसायची.

गाळपाचा पहिला दिवस आला. बाहेर ऊन रणरणतंय, बैलगाड्यांची रांग पार सडकेपर्यंत. आत काचांना काळा कागद, एसीची घरघर, भर दुपारी अंधार. आणि साडेबाराला पावती छापणं थांबलं.

प्रियदर्शनीनं टाइप केलं, 'सांग पावती'. तिनं लिहिलेल्या तीन ओळी आल्या. तिन्ही उपाय केले. प्रिंटर ढिम्म. बाहेर गाडीवान ओरडायला लागले. आप्पासाहेब घड्याळ बघत होते, पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

एवढ्यात मळीच्या आंबूस वासातून दुसराच वास आला... लवंगेचा.

पडद्यावर चौथी ओळ उमटायला लागली. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता. एकेक अक्षर, सावकाश...

'मागचं झाकण काढा. पाल हाय.'

खाली 'र.' आणि त्याच दिवसाची तारीख.

झाकण काढलं. पाल होती. जिवंत. उडाली ती थेट आप्पासाहेबांच्या सदऱ्यावर. प्रिंटर खडखडत सुरू झाला.

"भीमा, लेका!" आप्पासाहेब नाचत ओरडले. "पाल तूच कोंबलीस!"

"न्हाय वो साहेब, शपथ..."

"माझ्या छत्रीत पाल कुणी ठेवली होती मग, गेल्या साली?"

छत्रीतली माझीच होती. जन्मभर केलेल्या खोड्या नाकारल्या, ते लोकांनी खरं मानलं. ही एक खरंच केली नव्हती, तर कुणी ऐकेना.

"पण पोरी, तुझं ते 'सांग' झकास हाय," आप्पासाहेब म्हणाले. "कायम करतो तुला."

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली! ते गेल्यावर पोरगी हळूच म्हणाली, "आबा... ती ओळ तुमी..."

"गप. कायम झालीस न्हवं?"

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी, सवयीनं, मी एकट्यानं टाइप केलं, 'सांग भीमा'.

'पान न्हाय' आलं नाही. आलं ते असं:

'लिहायला घेतलंय. र.'

घाबरलो, खोटं कशाला बोलू? पण बघा, चौथी पास माणसाचं पान! गावात आणखी कुणाचं हाय?

मशीन गेल्या साली भंगारात गेलं. परवापासून माझी दाढ ठणकतेय. घरात लवंग नाही. वास मात्र येतोय.