तिळाएवढा दगड

सुट्टीच्या दुपारी एक राहिलेले मोजमाप उरकून यावे, एवढ्याच कामासाठी ती घरून निघाली. "चहाला परत येते," असे तिने सांगितले, तेव्हा नवरा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "आधी तुझ्या दगडाला विचार, मग सांग." यानाने लघुग्रहावरून माती आणली आणि ती तपासायचे काम हिच्याकडे आले, तेव्हापासून त्या मातीला घरात सवत म्हणत, नेमकी कोणाची सवत, हे कोणी विचारले नव्हते.

प्रयोगशाळा तळघरात होती. एकामागून एक जाड दारे पाठीमागे मिटत गेली की बाहेर ऊन आहे, पाऊस आहे, की माणसे तरी आहेत, हे कळायला मार्ग उरत नसे. हवा इतकी गाळलेली की तिला वासच नव्हता; नवखी माणसे नकळत आपल्याच बाहीचा वास घेऊन पाहत. पंख्यांची संथ घरघर तेवढी अखंड चाले. मधोमध काचेच्या खिडकीची पोलादी पेटी. तिच्यात नत्रवायू भरलेला, आणि त्यात तबकावर मांडलेले लघुग्रहाचे काळे कण. पेटीच्या अंगाला कोपराच्या वर पोहोचणारे रबरी हातमोजे जोडलेले होते. त्यांत हात घालूनच आतली वस्तू उचलायची. आतला दाब बाहेरच्याहून किंचित अधिक राखतात. त्यामुळे रिकामे मोजे फुगून खोलीत पुढे आलेले असत, जणू आत बसलेल्या कोणी बाहेर हात पसरले आहेत.

पेटी सांभाळणारे वृद्ध तंत्रज्ञ स्टुलावर बसले होते. त्यांना सगळेच मामा म्हणत.

"आलात बाई? तीळ वाट पाहून थकला."

तीळ म्हणजे तबकातला एक कण. तिळाएवढाच. पहिल्या तपासणीत त्यात जे निघायला हवे तेच निघाले होते: चिकणमातीची खनिजे, थोडे कार्बोनेट, आणि द्राक्षांच्या घोसांसारखे दिसणारे मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकी लोहखनिजाचे, इवले गोळे. कधीकाळी त्या दगडातून पाणी झिरपले होते, याची ती खूण. पुढच्या तपासणीत मात्र त्याच्या कडेला कॅल्शियम फॉस्फेटचा डाग दिसला, आणि त्यानंतर तो डाग पसरलेला दिसला. अब्जावधी वर्षे निपचित पडलेला दगड महिन्याभरात आपले घटक बदलत नाही. तेव्हा यंत्र खोटे, नाहीतर ती खोटी. संचालकांना दुसरा पर्याय सोयीचा वाटला.

"बाहेरचं दूषण तुमच्या हातून कणांत गेलंय," काल त्यांनी सुनावले होते. "कबूल करा, तबक रद्द करू. नसेल, तर तसं मला उद्याच्या उद्या सांगा. परवा सकाळी हे कण देशोदेशीच्या प्रयोगशाळांकडे निघतात."

कबूल करायचे म्हणजे या पेटीवरून तिचा हात कायमचा काढला जाणार. आणि या हातांना दुसरे काही येत नव्हते.

"सूक्ष्मदर्शक साक्षीवर आणला?" तिने विचारले.

"केव्हाच."

तबकाशेजारी सोन्याची एक कोरी चकती ठेवण्याची रीत आहे. तिच्यावर कोणी काही ठेवत नाही, तिला कोणी शिवत नाही. बाहेरचे काही पेटीत शिरलेच, तर ते कणांवर बसेल तसे चकतीवरही बसेल. म्हणून ती साक्षी. पेटीला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने आता तिचे चित्र पडद्यावर आणले. सोने. सोन्याखेरीज काही नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"सुटलात!" मामांनी टाळी वाजवली. "साक्षीदार फुटला नाही."

मग तिने सूक्ष्मदर्शक तिळावर नेला.

चित्र वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उमटत गेले. चिकणमाती नव्हती. मॅग्नेटाइट नव्हते. फॉस्फेट, सगळे फॉस्फेट, आणि त्यात मिसळलेले थोडेसे कार्बोनेट. हे प्रमाण तिच्या ओळखीचे होते, पण कुठल्या दगडातले, हे काही केल्या आठवेना. अखेरची पट्टी उमटली. मध्ये बारीक छिद्रे, आणि प्रत्येक छिद्राभोवती वलयांमागून वलये. तेव्हा तिला उमगले, की तिची आठवण दगडांत शोधत होती म्हणून चुकत होती.

"मामा... हे हाड आहे."

"काहीतरीच काय! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

"ठीक. पण मग आडातलं होतं ते कुठे गेलं? वजन तेवढंच आहे. माती, लोखंड... सगळं गेलं कुठे?"

मामांनी मान हलवली. "इथून बाहेर काही जात नाही, बाई. हात आत जातो. तोच बाहेर येतो."

त्यांनी हे सहज म्हटले होते. म्हणून झाल्यावर मात्र दोघेही पेटीकडे पाहायचे टाळू लागले.

तिची डावी करंगळी गार पडली होती. केव्हापासून, हे तिला सांगता आले नसते. मेजावर मामांची चुंबकसुई धाग्याला टांगलेली असे. कणांत लोह किती, याचा अदमास घेण्यासाठी. तिने हात मेजावर टेकला, आणि सुई डुलली. हात उजवीकडे नेला. सुई उजवीकडे वळली. मागे घेतला, सुई त्याच्या मागोमाग फिरली.

"अंगठी?" मामा पुटपुटले.

"इथे अंगठी घालतं का कोणी?"

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ते हसू पाहत म्हणाले. हसू अर्ध्यावरच राहिले.

तिने करंगळीचे नख कातरायला घेतले. ते कात्रीला दाद देईना. मग कट्कन तुटले. शेजारच्या खोलीतल्या साध्या यंत्राखाली तिने तो तुकडा ठेवला. आपले काही चुकते आहे, अशी तिला अजून आशा होती. चूक असती तर ती आनंदाने पदरात घेतली असती. पडद्यावर चिकणमातीचे तंतू दिसले, आणि तंतूंच्या जाळीत द्राक्षांच्या घोसांसारखे इवले गोळे. ते घोस तिने पूर्वी एकाच ठिकाणी पाहिले होते. हात आणि कण यांच्या मध्ये जाड रबर होते. रबर फाटले असते तर दाब उतरला असता, भोंगा वाजला असता. यांपैकी काहीही झाले नव्हते.

ती परत आली तेव्हा दूरध्वनी वाजत होता.

"बोला," संचालक म्हणाले. "दूषण आहे की नाही? एका शब्दात."

साक्षी तिच्या बाजूने होती. नाही म्हटले असते तर ते खरेच ठरले असते. आणि उद्या सकाळी ते कण कितीतरी अनोळखी हातांकडे निघाले असते. तिने करंगळीकडे पाहिले.

"आहे, सर. माझ्याच हातचं. तबक पाठवू नका. पेटी कायमची बंद करा, आत कोणाचाही हात जाऊ देऊ नका."

"लेखी द्याल?"

"देते."

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले, आणि दूरध्वनी बंद झाला.

आपण सगळे गमावले, हे तिला कळत होते. तरी छातीवरचे काहीतरी उतरले. आत हात गेला नाही तर बाहेर काही येणार नाही. निदान एवढे तरी धरून चालता येत होते.

दरम्यान सूक्ष्मदर्शक ठरल्याप्रमाणे तबकातल्या पुढच्या कणाकडे सरकला होता. पट्ट्या उमटू लागल्या. फॉस्फेट. पण छिद्रे नाहीत, वलये नाहीत; लांबट, काचेसारखे स्फटिक एकमेकांना घट्ट बिलगलेले.

"हे हाड नाही," ती हळूच म्हणाली. "हे दाताचं आवरण आहे. मामा... या कणाला मी एकदाही हात लावलेला नाही."

"मी तर कुठल्याच नाही." मामांचा आवाज खोल गेला होता. "माझं काम वायूचं आणि दाबाचं. या मोज्यांत आजवर मी हात घातला नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"पण बाई... सकाळपासून ही मागची दाढ जिभेला मातीसारखी लागतेय..."

त्यांनी गालावर हात धरला आणि तोंड मिटले. मिटताना आतून दगडावर दगड घासल्याचा बारीक आवाज आला.