डाव्या पायाचं माप

मोटारसायकलचा गिअर रॉड मी डोळे मिटून बदलतो, असं मी सगळ्यांना सांगतो. एकदा खरंच बदलला होता; डोळ्यांत ग्रीस गेलं होतं. काम तसं मोठं नाही. पायाने दाबायचा गिअरचा दांडा एकीकडे, गिअरबॉक्सचा दातेरी आस दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारी ही करंगळीएवढी सळई. तिच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. दोन्ही नट सैल करून सळई बोटांनी फिरवली की दांडा वर येतो, नाहीतर खाली जातो. चालवणाऱ्याचा पाय असेल तसा बसवायचा. शिंपी बाहीचं माप घेतो, आम्ही पायाचं.

भाची भर दुपारी गाडी घेऊन गॅरेजात आली. गाडी तिच्या बाबांची. माझे मेव्हणे एका जागी न टिकणारे. जेवतानासुद्धा एक पाय हलत असायचा. एक दिवस ‘जरा फिरून येतो’ म्हणून निघाले ते आलेच नाहीत. गाडी तेवढी सापडली. रस्त्याच्या कडेला साइड स्टँडवर नीट उभी, किल्ली लावलेली, इंजिन अजून कोमट. बहिणीने ती बरीच वर्षं ताडपत्रीखाली ठेवली. आता मुलीला नोकरीवर जायला हवी म्हणून बाहेर काढली होती.

“मामा, गिअर टाकायला गुडघा छातीशी आणावा लागतो. सर्कशीत भरती व्हायचं नाहीये मला.”

“तुझ्या बापाचा पाय होडीएवढा. त्याला मी काय करू?”

जुनी सळई वाकली होती, ती काढली. नवी घातली, आटे फिरवून दांडा तिच्या पायाला बेताचा आणला, नट आवळले. मग सवयीने नट आणि सळईवरून लाल रंगाची एक आडवी रेघ ओढली. काही फिरलंच तर रेघ तुटते, लगेच कळतं. भाची एक चक्कर मारून आली आणि खूश होऊन गेली.

थोड्याच दिवसांनी परत हजर. दांडा वर गेला होता, चांगला अंगठाभर.

मी वाकून पाहिलं. रेघ अखंड. आसाच्या दात्यांवर बसणारी पट्टी सरकली असेल म्हटलं, तर तिथे केलेली खूणही जागच्या जागी. सळई काढून मोजली. बसवली होती तेवढीच लांब. सगळं जिथल्या तिथे, आणि दांडा तेवढा वर. भाचीला म्हणालो, “स्वस्तातला माल. हल्ली लोखंडालाही लाज राहिली नाही.” ती हसली. मी पुन्हा बसवून दिला, पण त्या दिवशी मला चहा काही गोड लागला नाही.

त्यानंतर ती आलीच नाही, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मीच बहिणीकडे गेलो. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आवाज खाली आणून म्हणाली, “दादा, ही घरात बसतच नाही रे. दूध आणते म्हणून जाते आणि टाकी रिकामी करून येते. कुठे गेली होतीस विचारलं तर तिलाही सांगता येत नाही. जेवताना पाय हलवते.”

“तरुण पोर आहे. हलवू दे.”

“हे गेले त्याआधी त्यांचंही असंच होतं. मी हिला तरी धरून ठेवीन. तू तो रॉड काढून घेऊन जा. मोडला म्हणून सांग.”

तेवढ्यात भाची बाहेर येऊन खुर्चीत बसली. “मामा, गाडीला आता हात लावू नकोस हं. आता बरोबर लागतंय.”

येताना मी अंगणात दांडा बघूनच आलो होतो. मेव्हण्यांच्या वेळी होता, तेवढा उंच.

मी तिच्या पायांकडे पाहिलं. उजवी चप्पल मापात होती. डाव्या चपलेचा पट्टा सोडलेला, टाच चांगली बाहेर आलेली. माझी नजर तिच्या ध्यानात आली. तिने तो पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

“सूज आलीये,” ती म्हणाली.

जेवून ती आतल्या खोलीत आडवी झाली. झोप लागल्यावर मी अंगणात गेलो, दोन्ही नट सोडले, सळई काढली. दांडा लुळा पडला. आता कुणी कितीही लाथा मारल्या तरी गाडीला गिअर पडणार नव्हता. सळई फडक्यात गुंडाळली, किल्लीही खिशात टाकली आणि आतल्या खोलीत येऊन बसलो.

“झालं,” मी म्हणालो. बहिणीने सुस्कारा सोडला आणि लेकीच्या पायथ्याशी टेकली.

भाचीचा डावा पाय हलला. चवडा एकदा खाली दाबला गेला, पहिला गिअर टाकतात तसा.

माझ्या मांडीवरच्या फडक्याला हिसका बसला.

मी सळई मुठीत धरली. चवडा वर उचलला गेला. सळई मुठीत ओढली गेली आणि सैल झाली.

पुन्हा वर. पुन्हा ओढ.

“दादा,” बहीण म्हणाली. तिने दोन्ही हातांनी लेकीचा घोटा धरला होता.

“सोडू नकोस.”

“मी सोडत नाहीये. जड होतोय.”

चवडा आणखी एकदा वर गेला आणि थांबला, सरळ रस्ता लागल्यावर थांबतो तसा. सळईही मुठीत गप्प झाली. पोरगी शांत झोपली होती, चेहऱ्यावर हसू होतं.

खिडक्या लावलेल्या होत्या. पंखा बंद होता.

उशीवर तिचे केस मागे उडत होते.